‘नागपूरला न्या’ : ‘सर्च’ची वाटचाल

विदर्भाच्या पूर्व टोकाला दवाखान्याची पायरी चढलेल्या बहुतेकांनी एक वाक्य ऐकलेलं असतं : ‘इथं होणार नाही, नागपूरला न्या.’ डॉक्टर केसपेपरवर ‘रेफर’ लिहितो, तारीख टाकतो, शिक्का मारतो. त्याच्या बाजूनं विषय संपतो. नातेवाइकांचा तिथून सुरू होतो. गडचिरोलीहून नागपूर पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. भामरागड किंवा सिरोंच्याहून निघालं तर जवळजवळ दुप्पट. गाडी कोणाची, पैसे कोणाकडून, रोवणी अर्धी टाकून सोबत कोण जाणार, आणि ‘मेडिकल’च्या, म्हणजे तिथल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या, त्या अवाढव्य इमारतीत नेमकं कोणत्या खिडकीशी उभं राहायचं? माझ्या नात्यातल्या एका आजोबांना अशीच चिठ्ठी मिळाली होती. ते गेल्यावर सहा महिन्यांनी ती त्यांच्या बंडीच्या खिशात सापडली. घडीसुद्धा उलगडलेली नव्हती.

‘सर्च’ या संस्थेबद्दल आजवर भरपूर लिहून झालं आहे. पुरस्कार, पद्मश्री, दारूबंदी, सेवाग्रामचे संस्कार, सगळं. मला तिच्या वाटचालीकडे या चिठ्ठीच्या बाजूनं पाहायचं आहे. आजार ओळखायचा कोणी, कुठे बसून, आणि ओळखल्यावर माणसाला पाठवायचं कुठे? ‘सर्च’नं जवळजवळ चाळीस वर्षं याच प्रश्नाशी झटापट केली. त्या झटापटीत संस्था काही ठिकाणी चुकली, हे तिनं स्वतःच सांगितलं आहे.

गडचिरोली जिल्हा चंद्रपुरातून वेगळा झाला २६ ऑगस्ट १९८२ रोजी. चार वर्षांनी, १९८६ मध्ये, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग तिथं आले. दोघांचंही एमडीपर्यंतचं शिक्षण नागपूरचं. ते मेडिसिनचे, त्या स्त्रीरोगाच्या. त्यानंतर दोघांनी अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेतलं. राणीताई मूळच्या चंद्रपूरच्या, म्हणजे हा मुलूख त्यांना नवा नव्हता. संस्थेचं पूर्ण नाव लांबलचक इंग्रजी, ‘सोसायटी फॉर एज्युकेशन, ॲक्शन अँड रिसर्च इन कम्युनिटी हेल्थ’. लोकांनी त्याचं ‘सर्च’ करून टाकलं. सुरुवात झाली तेंदूपत्त्याच्या एका गोदामात. जिथं विडीच्या पानांचे गठ्ठे रचले जायचे तिथं सूक्ष्मदर्शक मांडला गेला.

पहिलं मोठं काम हातात घेतलं ते सिकलसेलचं. रक्ताचा हा आनुवंशिक आजार या भागात आहे, हे तपासणीनं दाखवून दिलं. संशोधक म्हणून ही मोठीच गोष्ट होती. पण लोक थंड. कारण सरळ होतं. तुमच्या रक्तात दोष आहे असं सांगणारा डॉक्टर पुढे काहीच देत नव्हता. त्या काळी देण्याजोगं फारसं नव्हतंच. मग लोकांनी बोट टोचून का घ्यावं? बंग दांपत्यानं हा अनुभव पुढे अनेकदा सांगितला आहे : प्रश्न आम्ही निवडला होता, लोकांनी नाही. निदानाला उपचाराची जोड नसेल तर ते निदान डॉक्टरच्या समाधानापुरतं उरतं, ही गोष्ट संस्था पहिल्या एक-दोन वर्षांतच शिकली. पुढच्या सगळ्या कामावर तिची सावली आहे, असं मला वाटतं.

दुसरा धडा बायकांनी दिला. जिल्ह्यात तेव्हा स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून राणीताई जवळपास एकट्याच. त्यांच्याकडे येणाऱ्या बायका आधी दुसरंच काहीतरी सांगायच्या. कंबर दुखते, हातपाय गळाल्यासारखे होतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. खरी गोष्ट उठताउठता, दाराकडे बघत निघायची : अंगावरून पांढरं जातं, अंग बाहेर येतं. सरकारी दवाखान्यातला डॉक्टर पुरुष. त्याच्यासमोर हे शब्द निघायचेच नाहीत. तक्रार तोंडातून बाहेर पडली नाही तर ती केसपेपरवर येत नाही, आणि केसपेपरवर नसलेला आजार सरकारच्या लेखी अस्तित्वातच नसतो.

मग वसा आणि अमिर्झा या दोन गावांत राणीताईंनी अभ्यास मांडला. वैशिष्ट्य असं की तक्रार असलेल्याच नव्हे, तर नसलेल्या बायकांनाही तपासायचं. ६५० स्त्रियांची तपासणी झाली. त्यांपैकी ५५ टक्क्यांनी काही ना काही त्रास सांगितला होता. प्रत्यक्ष तपासणीत ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाले, एकेकीला सरासरी साडेतीनहून अधिक. आणि याआधी कधीतरी अशी तपासणी झालेल्या बायका होत्या फक्त ८ टक्के. हा निबंध १९८९ च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. तोवर खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि नसबंदी एवढंच सरकारी कागदांना ठाऊक होतं. पुढे १९९४ साली कैरोच्या लोकसंख्या परिषदेत प्रजनन आरोग्य ही कल्पना रुंदावली. तिच्यामागे जो पुरावा उभा होता त्यात ही दोन गावंही होती. मला मात्र त्या ५५ आणि ९२ मधली फट जास्त बोलकी वाटते. दुखणं असूनही ते सांगण्यासारखं आहे असं ज्यांना वाटलंच नाही, अशा बायका त्या फटीत आहेत. त्यांना कोणत्या तज्ज्ञाकडे रेफर करणार होतो आपण?

त्या वर्षांतला एक प्रसंग अभय बंग यांनी पुष्कळदा सांगितला आहे. एका रात्री एक आई आणि आजी मरणासन्न तान्हं घेऊन त्यांच्या घरी आल्या. बाळ त्यांच्याच पलंगावर, काही मिनिटांत गेलं. नंतर त्यांनी बसून मांडणी केली, या मृत्यूला कारणं किती? अठरा निघाली. गरोदरपणातला आजार, अर्धपोटी आई, जन्मतः कमी वजन, जंतुसंसर्ग, मांत्रिक, आणि मध्ये पूर आलेली, पूल नसलेली नदी. मृत्यूच्या दाखल्यावर यांतलं एकच लिहिलं जातं. दाखला चुकीचा नसतो. त्यातून पुढे काय करायचं ते मात्र कळत नाही. अठरांपैकी कोणती कडी आपल्याला तोडता येईल, हा प्रश्न त्या रात्रीनं पुढ्यात टाकला.

पहिली कडी निवडली न्यूमोनियाची. गावोगाव मुलांचे मृत्यू नोंदले जाऊ लागले आणि मेलेल्या मुलाच्या आईबापांना लक्षणं विचारून कारण ठरवायची पद्धत बसवली गेली. मेल्यानंतरचं निदान! ऐकायला क्रूर वाटतं, पण जिथं जिवंतपणी डॉक्टर भेटलेला नसतो तिथं दुसरा मार्ग नसतो. या नोंदींतून दिसलं की न्यूमोनिया मुलांचा मोठा मारेकरी आहे. आपल्याकडच्या म्हाताऱ्या बायका ज्याला ‘डबा’ म्हणतात, पोट उडतं, छातीला खड्डे पडतात, तेच बहुधा हे दुखणं.

आता हे ओळखायचं कसं? मेडिकल कॉलेजात शिकवतात : स्टेथोस्कोप लावा, एक्स-रे काढा. खेड्यात दोन्ही नाहीत. आणि रडणाऱ्या तान्ह्या मुलाच्या छातीवर स्टेथोस्कोप लावून मिळणारा आवाज फसवाही असतो. ऐंशीच्या दशकात पापुआ न्यू गिनीमध्ये फ्रँक शान या बालरोगतज्ज्ञानं दाखवलं होतं की खोकणाऱ्या मुलाचे श्वास मोजले तरी न्यूमोनिया बऱ्यापैकी ओळखता येतो. दोन महिन्यांच्या आतल्या बाळात मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास, त्यापुढे वर्षापर्यंत ५० किंवा जास्त. म्हणजे निदानाला लागणार फक्त डोळे, एक मिनिट आणि आकडे.

अडचण आकड्यांचीच होती. गावातल्या सुइणी बाळंतपणात तरबेज, पण निरक्षर. दहाच्या पुढे मोजताना गोंधळ व्हायचा. यावर ‘सर्च’नं जे काढलं ते मला या सगळ्या कहाणीतलं सर्वांत सुंदर वाटतं. एका लाकडी चौकटीत मिनिटभराचं वाळूचं घड्याळ आणि शेजारी तारेत ओवलेले मणी, पाटीवर असतात तसे. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. लहान बाळासाठी वेगळी ओळ, मोठ्यासाठी वेगळी. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया. सुईण दहापर्यंत मोजते, पुढचं मणी सांभाळतो. बालरोगतज्ज्ञाच्या डोक्यातला निर्णय असा सुतार बनवू शकेल इतक्या साध्या वस्तूत उतरवणं, याला फार मोठी बुद्धी लागते. कठीण शब्दांत निबंध लिहायला तेवढी लागत नाही. (हे वाक्य मी स्वतःलाही उद्देशून लिहितो आहे.)

१९८८ मध्ये प्रयोग सुरू झाला. ५८ गावांत सुइणी, गावातले आरोग्यसेवक आणि पॅरामेडिक यांना न्यूमोनिया ओळखायला आणि कोट्रायमोक्साझोल हे साधं प्रतिजैविक द्यायला शिकवलं. ४४ गावं तुलनेसाठी. १९९० मध्ये निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये आले. तुलनेच्या गावांत न्यूमोनिया झालेल्या मुलांपैकी १३.५ टक्के दगावत होती. ज्या गावांत सुईण मणी सरकवत होती तिथं ०.८ टक्के. ना कुणी नागपूरला गेलं, ना कुणी गडचिरोलीला.

असं असलं तरी सगळंच गावात भागत नाही. हर्निया, मोतीबिंदू, अडलेली बाई, यांना दवाखाना लागतोच. तो होता, सरकारी, आणि आदिवासी तिथं जात नव्हते. का? विचारल्यावर जी उत्तरं आली त्यांपर्यंत आरोग्य खात्याची कोणतीही समिती वर्षभर बसली तरी पोचली नसती. दवाखान्यात सगळे पांढरे कपडे घालतात. आमच्यात पांढरं कापड मेलेल्याला गुंडाळतात. माणसाला आत घेतात आणि घरच्यांना बाहेर काढतात. इमारत एवढी मोठी की आत हरवायला होतं. आणि तिथं देव नाही. मग १९९३ च्या सुमारास संस्थेच्या शोधग्राम या परिसरात जो दवाखाना उभा राहिला तो गोंड पाड्यासारखा. झोपड्यांत रुग्ण, सोबत घरचे, चूल पेटवायला जागा, आणि नाव लोकांनी सुचवलेल्या देवीचं : माँ दंतेश्वरी. पुरोगामी मित्रांनी देवीच्या नावावरून नाकं मुरडली असणार. पण रेफर केलेला माणूस दारापर्यंत येऊन परत फिरू नये यासाठी वास्तुरचनाही उपचाराचाच भाग असते, हे तेव्हा महाराष्ट्रात किती दवाखान्यांना सुचलं होतं?

न्यूमोनिया आटोक्यात आल्यावर नोंदवह्यांत एक आकडा मात्र हटेना. जन्मल्यापासून अठ्ठावीस दिवसांच्या आत मरणारी बाळं. बाळंतपणं घरी, बाळंतीण अंधाऱ्या खोलीत, बाळाला बाहेर काढायचं नाही ही रीत. संस्थेनं ३९ गावांतल्या ७६३ नवजात बाळांकडे वर्षभर फक्त लक्ष ठेवून पाहिलं. निम्म्याहून अधिक, ५४ टक्के बाळांना, वैद्यकीय मदतीची गरज होती. ती मिळाली २.६ टक्क्यांना. इथं ‘रेफर’ या शब्दाचा खरा हिशेब लागतो. सल्ला दिला, समजावलं, गाडीचं बघू म्हणालं, तरी आई-बाप हलत नव्हते. आणि त्यांच्या जागी उभं राहून पाहिलं तर का हलावं तेही कळत नाही. तीन दिवसांची ओली बाळंतीण, पावसाळा, मधला नाला, आणि शेवटी तिथल्या वॉर्डात बाळ वाचेलच याची खात्री नाही.

तेव्हा ‘सर्च’नं दिशा उलटी केली. तज्ज्ञाचं ज्ञान बाळाच्या घरी पाठवायचं ठरलं. पाचवी ते दहावी शिकलेल्या, त्याच गावात राहणाऱ्या बायका निवडल्या, त्यांचं नाव आरोग्यदूत. १९९५ पासून त्यांनी घरोघर जाऊन बाळांची काळजी घ्यायला सुरुवात केली. वजन, ताप, गुंडाळणं, पहिलं दूध, न रडणाऱ्या बाळाला श्वास देणं. आणि सर्वांत वादाची गोष्ट, सेप्सिस. रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग. रुग्णालयात तो पक्का करायला रक्ताचं कल्चर लागतं, त्याला दोन-तीन दिवस लागतात; तेवढ्यात बाळ हातचं जातं. इथं यादी केली लक्षणांची : रडणं क्षीण झालं, दूध ओढेनासं झालं, अंग ढिलं पडलं, गार लागतं किंवा तापतं, छातीला खड्डे पडतात, पोट फुगतं किंवा उलट्या होतात, नाळ पिकली. यांतली कोणतीही दोन एकाच वेळी दिसली की सेप्सिस समजायचं. आरोग्यदूतानं आधी आईबापांना दवाखान्यात न्यायला सांगायचं. नाही म्हणाले, तर त्यांची लेखी संमती घेऊन स्वतः जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायचं.

यावर वादळ उठलं, आणि उठायलाच हवं होतं. आठवी पास बाई तीन दिवसांच्या बाळाला इंजेक्शन देणार? मात्रा चुकली तर? सुई नको तिथं गेली तर? जेंटामायसिन मूत्रपिंडाला आणि कानालाही इजा करू शकतं. आज त्या आक्षेपांना मागासलेपणा म्हणून उडवून लावण्याची टूम आहे, पण ते आक्षेप घेणारे बालरोगतज्ज्ञ मूर्ख नव्हते. फरक एवढाच की ते आरोग्यदूताची तुलना स्वतःशी करत होते. बंग यांची तुलना होती त्या बाळाशी, ज्याच्याकडे कोणीच येणार नव्हतं.

४ डिसेंबर १९९९ च्या ‘लॅन्सेट’नं निकाल दिला. सेप्सिस झालेल्या बाळांपैकी उपचार सुरू होण्याआधी १६.६ टक्के मरत होती. आरोग्यदूतांनी उपचार केलेल्यांत २.८ टक्के. ३९ गावांत दर हजार जन्मांमागे नवजात मृत्यू ६२ होते, ते तिसऱ्या वर्षी २५.५ वर आले. तुलनेच्या गावांशी ताडून पाहिलं तर घट ६२ टक्के. पुढच्या काळात महाराष्ट्रात आणखी सात ठिकाणी ‘अंकुर’ नावानं हाच प्रयोग इतर संस्थांनी करून पाहिला. २००१ मध्ये तेरा संस्थांनी मिळून ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल काढला. महाराष्ट्रातले बालमृत्यू सरकारी नोंदीत किती कमी दाखवले जातात हे त्यानं मांडलं, आणि विधिमंडळापासून वर्तमानपत्रांपर्यंत काही काळ तरी त्याचा आवाज राहिला.

दरम्यान गावं बदलत होती. मुलं जगू लागली, तशी माणसं म्हातारीही होऊ लागली. अमेरिकेतला मेंदूविकारांचा अनुभव घेऊन डॉ. योगेश्वर काळकोंडे शोधग्रामला आले आणि त्यांनी ८६ गावांतले मृत्यू तपासले. २०१५ मध्ये छापून आलेला निष्कर्ष अनेकांना खोटा वाटला : सर्वांत जास्त मृत्यू पक्षाघातानं, १४.३ टक्के. शहरी आजार म्हणून ज्याला आपण ओळखतो तो मलेरियाच्या मुलखात पहिल्या क्रमांकावर. आणि पक्षाघातानं गेलेल्यांपैकी ८७ टक्के माणसं घरी मेली. पक्षाघाताचं निदान सीटी स्कॅननं होतं आणि गुठळी विरघळवणारं औषध साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. या आजाराला मणी आणि वाळूचं घड्याळ चालत नाही. इथं गावातून करता येण्याजोगं काम उरतं ते आधीचं : रक्तदाब मोजणं, गोळ्या घरी पोचवणं, दारू-तंबाखू सुटावी म्हणून धडपडणं. एका आजाराचं यश दुसऱ्याला जसंच्या तसं लागू पडत नाही, हे संस्थेला इथं कळलं असावं.

कंबरदुखीची गोष्ट वेगळी निघाली. वाकून रोवणी करणाऱ्यांची पाठ जाते हे सगळ्यांनाच ठाऊक. त्यासाठी कोणी मुंबई गाठत नाही. म्हणून मुंबईच्या स्पाइन फाउंडेशनचे सर्जन शोधग्रामला येऊ लागले. तपासणी तिथं, शस्त्रक्रिया तिथं, घरच्यांच्या नजरेसमोर. इतर विषयांचे तज्ज्ञही नागपूर-मुंबईहून ठरलेल्या दिवशी येतात आणि फिरता दवाखाना धानोऱ्याकडच्या गावांत जातो. नागपूरला न्या, याऐवजी नागपूरला आणा. दरवेळी जमतं असं नाही. कर्करोगाचा किंवा हृदयाचा रुग्ण अजूनही गाडीतच बसवावा लागतो.

गडचिरोलीच्या बाहेर या कामाचं काय झालं? २०११ मध्ये भारत सरकारनं नवजात बाळाची घरी काळजी हा कार्यक्रम देशभर लागू केला. गावातली आरोग्यसेविका ‘आशा’ ताई आज बाळाच्या घरी दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर सहा आणि घरच्या बाळंतपणानंतर सात भेटी देते, बेचाळीसाव्या दिवसापर्यंत, आणि त्या सगळ्यांचे मिळून तिला २५० रुपये ठरवले गेले. तिच्या पिशवीत वजनकाटा आहे, थर्मामीटर आहे, श्वास मोजायला घड्याळ आहे. बाळाची लक्षणं ओळखायला ती शिकलेली आहे. इंजेक्शन मात्र तिच्या हातात दिलेलं नाही. २०१४ च्या सूचनांनुसार जेंटामायसिन देण्याची मुभा आहे ती उपकेंद्रातल्या नर्सबाईला. आशानं दोन लक्षणं एकत्र पाहिली तर तिनं करायचं पहिलं काम तिच्या पुस्तिकेत ठरवून दिलं आहे : बाळाला रेफर करणं.